कर्करोगाचे निदान आणि पेट-सीटी तपासणी

(रांजणगाव येथे सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



कर्करोगाची शंका आली की 'पेट स्कॅन करून घ्या' हा सल्ला आता खेड्यापाड्यांतूनही ऐकू येतो. काही कुटुंबे दागिने गहाण ठेवून ही तपासणी करून घेतात. काही जण तिच्या खर्चाच्या धास्तीने डॉक्टरांकडे जाण्याचेच टाळतात. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी अपुरी माहिती आहे. म्हणून ही तपासणी म्हणजे काय, ती केव्हा आवश्यक असते आणि केव्हा नसते, याचा आज विचार करू.

शरीरातील पेशींना ऊर्जेसाठी साखर लागते. बहुतेक कर्कपेशी निरोगी पेशींपेक्षा अधिक साखर ओढून घेतात, हे ऑटो वारबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात दाखवून दिले. पेट तपासणी याच गुणधर्मावर आधारलेली आहे. ग्लुकोजसारख्या रेणूला फ्लोरीन-१८ हा किरणोत्सर्गी अणू जोडून 'एफडीजी' नावाचे औषध तयार करतात व ते शिरेतून टोचतात. पेशी त्याला साखर समजून आत घेतात. परंतु साखरेप्रमाणे त्याचे पुढे ज्वलन होत नाही, म्हणून ते तेथेच साचून राहते. त्यातून निघणाऱ्या पॉझिट्रॉनची इलेक्ट्रॉनशी गाठ पडताच दोन्ही नाहीसे होतात व दोन गॅमा किरण परस्परविरुद्ध दिशांना बाहेर पडतात. रुग्णाभोवतीचे वर्तुळाकार यंत्र ते टिपते आणि संगणक त्यावरून चित्र उभे करतो. सीटी स्कॅन अवयवांची रचना दाखविते. सीटीचे चित्र हा गावाचा नकाशा मानला, तर रात्री कोणत्या घरात दिवा जळतो आहे याची नोंद म्हणजे पेटचे चित्र होय. दोन्ही एकत्र पाहिली म्हणजे संशयित जागा नेमकी कळते.

या विद्येचा आपल्या देशातील आरंभ महाराष्ट्रातच झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. मुंबईत परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले व १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले. १९६३ मध्ये तेथेच भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण चिकित्सा केंद्र स्थापन झाले. २००२ साली या केंद्रात देशातील पहिले पेट यंत्र कार्यान्वित झाले आणि २००४ मध्ये टाटा रुग्णालयात पेट-सीटी यंत्र आले. आज पुण्यातही ही सोय उपलब्ध आहे.

फ्लोरीन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे असते. म्हणजे सकाळी दहा वाजता असलेला किरणोत्सर्ग बारा वाजण्यापूर्वीच निम्मा होतो आणि दुपारी पावणेदोनच्या सुमारास एक चतुर्थांश उरतो. हे औषध सायक्लोट्रॉन यंत्रात त्या त्या दिवशीच तयार करावे लागते. साठवून ठेवता येत नाही. म्हणून रांजणगावहून पुण्यास जाणाऱ्या रुग्णाने नगर रस्त्यावरील वाहतुकीचा अंदाज घेऊन लवकर निघावे. वेळ चुकली तर त्याच्यासाठी आणलेले औषध वाया जाण्याचा संभव असतो.

तपासणीपूर्वी साधारण चार ते सहा तास उपाशी राहावे लागते. साधे पाणी चालते. आदल्या दिवशी श्रमाची कामे टाळावीत, कारण राबलेले स्नायूही साखर ओढतात. मधुमेही रुग्णांनी केंद्रास आधी कळवावे व औषधांत मनाने बदल करू नये. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तसे अवश्य सांगावे. औषध टोचल्यावर सुमारे तासभर स्वस्थ पडून राहावयाचे असते. त्या दिवशी काही तास लहान मुलांना व गर्भवतींना जवळ घेऊ नये, भरपूर पाणी प्यावे. अठरा-वीस तासांत औषधातील किरणोत्सर्ग सहस्रांशाहूनही कमी होतो. तेव्हा रुग्णाला वाळीत टाकल्यासारखे वागविण्याचे काहीच कारण नाही.

आता मुख्य प्रश्न. ही तपासणी कोणासाठी? कर्करोगाचे निश्चित निदान गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यानेच, म्हणजे बायॉप्सीने होते. निदान झाल्यावर रोग कोठवर पसरला आहे, उपचारांचा गुण येतो आहे की नाही आणि रोग उलटला आहे काय, हे ठरविण्यास पेट-सीटीचे मोठे साहाय्य होते. फुप्फुसाचा व लसिकाग्रंथींचा कर्करोग ही त्याची ठळक उदाहरणे. रोग दूरच्या अवयवांत गेल्याचे वेळीच कळले, तर निष्फळ ठरणारी मोठी शस्त्रक्रिया टळू शकते.

परंतु चित्रात जे चमकते ते सर्व कर्करोग नव्हे. क्षयाच्या गाठी व इतर जंतुसंसर्गही तसेच चमकतात, आणि आपल्याकडे क्षयरोग अद्याप पुष्कळ आहे. उलट, काही संथ वाढणारे कर्करोग व अगदी लहान गाठी या चित्रात दिसतही नाहीत. मेंदू स्वभावतःच भरपूर साखर घेतो, त्यामुळे तेथील रोग ओळखणे अवघड जाते. म्हणून 'एकदा सर्व शरीर तपासून घेऊ' अशा हौसेने निरोगी माणसाने ही तपासणी करून घेणे योग्य नाही.

निरोगी दिसणाऱ्या माणसांत रोग लवकर शोधण्याचे मार्ग याहून साधे आहेत. तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीन ठिकाणच्या कर्करोगांची प्राथमिक तपासणी करण्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षांच्या स्त्रियांत एक मोठा अभ्यास झाला. एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी व त्यानंतर योग्य उपचार एवढ्यानेही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटल्याचे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. हे कार्य ग्रामीण महाराष्ट्रातच घडले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

खर्चाविषयी दोन शब्द. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र असतात. कोणते उपचार व तपासण्या योजनेत बसतात हे त्यांना आधी विचारावे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवणे बंधनकारक आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. तो रुग्णाला विनाविलंब मिळवून देणे, हे काम ग्रामपंचायत सदस्य व तलाठी यांच्या हातचे आहे. शेत विकावयास निघालेल्या कुटुंबास ही माहिती वेळेवर मिळाली, तर कदाचित त्याचे शेत वाचेल.

शिक्षक बंधुभगिनींनी विद्यार्थ्यांना तंबाखू, मिसरी व गुटख्याचे दुष्परिणाम सांगावेत. तोंडातील तीन आठवड्यांत न भरणारी जखम, स्तनातील गाठ, अवेळी होणारा रक्तस्राव ही लक्षणे घरोघरी माहीत झाली पाहिजेत. औद्योगिक वसाहतीतील कामगारांपर्यंतही ही माहिती गेली पाहिजे. अशी लक्षणे दिसताच प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. पुढची पायरी कोणती आणि पेट-सीटी हवी की नको, हे तज्ज्ञांना ठरवू द्यावे. यंत्र कितीही उत्तम असले, तरी रुग्णाला वेळेवर दवाखान्याच्या दारापर्यंत आणण्याचे काम गावालाच करावे लागेल. ते आपण कराल, अशी आशा व्यक्त करून मी माझे भाषण संपवितो.