शालेय संग्रहातील लोखंडी वस्तू व तेलाचा उपयोग



विळा, कुऱ्हाड, वखराची पास, बाणाचे पाते, अडकित्ता अशा जुन्या वस्तू गावकरी विश्वासाने शाळेच्या संग्रहास देतात. धारणीसारख्या डोंगराळ भागात पावसाळ्यात हवा दमट राहते व गंज हळूहळू लोखंड खाऊन टाकतो. एकदा झडून गेलेले पाते पुन्हा मिळत नाही. म्हणून या वस्तूंचे रक्षण करणे हे शिक्षकाचे कर्तव्यच होय.

लोखंडास हवा व ओल दोन्ही लागल्यावाचून गंज चढत नाही. तेलाचा पातळ थर या दोहोंस अडवितो. प्रथम वस्तू कोरड्या फडक्याने पुसावी, सुटा गंज हलक्या हाताने काढावा, वस्तू उन्हात वाळवावी व मगच तेल लावावे. ओलीवर तेल लावल्यास ओल आतच कोंडली जाते. हाताच्या घामातील क्षारानेही गंज वाढतो. म्हणून तेल लावल्यावर पाते उघड्या हाताने हाताळू नये. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तेल पुन्हा लावावे. तांब्यापितळेच्या वस्तूंना मात्र खाद्य तेल लावू नये. त्याने हिरवा कळंक चढतो.

सर्व तेले सारखी नसतात. एरंडेल वाळत नाही. ते पात्यास बरे, मात्र त्यावर धूळ बसते. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून वाळते व कडक थर धरते. ते लाकडी दांड्यास उत्तम.

परंतु येथेच मोठा धोका आहे. जवसाचे तेल वाळताना उष्णता उत्पन्न होते. तेलात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकल्यास ती उष्णता बाहेर पडू शकत नाही, आणि काडी न लावताही फडके पेट घेऊ शकते. शाळा सुटून कुलूप लागल्यावर हे घडले तर संग्रहच काय, शाळाही वाचणार नाही. म्हणून अशी फडकी घडी न घालता बाहेर मोकळ्या हवेत, सावलीत एकेक पसरून पूर्ण वाळवावीत, अथवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवावीत. कपाटात वा कागदांच्या गठ्ठ्याजवळ ती कदापि ठेवू नयेत.

तेल मुलांकडून चुलीवर तापवून घेऊ नये. धारेची हत्यारे शिक्षकानेच पुसावीत. एरंडाच्या बिया विषारी असतात, हेही मुलांस सांगावे.

दोन खिळे घ्यावेत; एकास एरंडेल लावावे, दुसरा तसाच ठेवावा, आणि दोन्ही ओलसर जागी ठेवून आठवडाभर मुलांकडून निरीक्षण करवावे. संग्रहही राखला जाईल आणि विज्ञानाचा एक पाठही होईल.