शोध, आविष्कार आणि हळद



'शोध' हा शब्द संस्कृतातील 'शुध्' या धातूपासून आला. शुद्ध करणे हा त्याचा मूळ अर्थ. धान्यातले खडे वेचून टाकावेत, तसे असत्य बाजूला सारून सत्य हाती घेणे, तो शोध. 'आविष्कार' म्हणजे दडलेले प्रकट करणे. इंग्रजीतील 'इन्व्हेन्शन' लॅटिन 'इन्व्हेनिरे'पासून आले; गवसणे, आढळणे हा त्याचा अर्थ. तिन्ही शब्दांच्या मुळाशी आहे ते दिसण्याची नम्रता आहे.

आधुनिक पेटंट कायद्याने मात्र नावीन्याची अट घातली. भारताचा १९७० चा कायदाही वैज्ञानिक तत्त्वाच्या नुसत्या शोधाला 'इन्व्हेन्शन' मानत नाही.

या भेदाचे मोल १९९५ साली कळले. हळदीने जखम भरून येते, यावर अमेरिकेत पेटंट दिले गेले. घरोघरी आजीच्या हाती असलेले ज्ञान परक्याची मालमत्ता ठरले! डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिले. तेथे आजीचा अनुभव पुरेसा नव्हता, लेखी पुरावा हवा होता. ग्रंथांतले व नियतकालिकांतले ३२ संदर्भ सादर झाले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

पूर्वजांनी लिहून ठेवले म्हणून हळद वाचली. जे मौखिकच राहिले, त्याची साक्ष कोण देणार? वारशाचा नुसता अभिमान मिरवून भागत नाही. तो पारखून, निवडून नोंदवावा लागतो. 'शोध' या शब्दाचा पहिला अर्थ तोच आहे.