यादीत असेपर्यंतचा आचारी

वाशीमच्या कोरडवाहू शेतकऱ्याने शेत गहाण टाकून मुलास परदेशी पाककला शिकावयास धाडण्यापूर्वी ऑस्ट्रेलियाचा दाखला पाहावा. तेथे आचाऱ्याच्या शिक्षणाला कायम वास्तव्यासाठी गुण मिळत. मात्र 900 तासांचे काम दाखवावे लागे, तेही पुष्कळदा बिनपगारी. खाजगी महाविद्यालयांचे तर पीकच आले! मे 2010 मध्ये सरकारने व्यवसायांच्या यादीतून आचारी वगळला. शिकत असलेल्यांना तात्पुरती मुदत मिळाली, हमी नव्हे. 2014 साली ‘शेफ’ पुन्हा यादीत आला. गरज त्यांची, कर्ज आपले.

आपला 1983 चा उत्प्रवासन कायदा परदेशी नोकरभरती करणाऱ्या दलालास परवाना सक्तीचा करतो. विद्यार्थी धाडणारा दलाल मात्र त्याच्या कक्षेबाहेर आहे. त्यालाही परवाना व अनामत रक्कम सक्तीची करा, ही मागणी कार्यकर्त्यांनी रिसोड-मानोऱ्यापासून उचलावी.