यंत्र मागे, शिक्षक पुढे

(वर्गाध्यापनात तंत्रज्ञानाचा उपयोग या विषयावर इगतपुरी येथे शिक्षक, पालक आणि कार्यकर्ते यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



इगतपुरीत बोलायला उभे राहिले की आधी घाट आठवतो. १८६५ साली थळघाटातून आगगाडी या गावापर्यंत वर आली. हा चढ सदतीस फुटांना एक फूट, म्हणजे रेल्वेच्या दृष्टीने फारच तीव्र. म्हणून कसाऱ्याला बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना मागून आणखी इंजिने जोडतात. रेल्वेची माणसे त्यांना 'बँकर' म्हणतात. ती गाडीला मागून रेटा देतात आणि इगतपुरीला आली की सुटी होतात. आपणांपैकी अनेकांच्या घरात रेल्वेची नोकरी झालेली आहे. मी हे आपणांस सांगावे असे काही नाही. पण आजचा विषय समजून घ्यायला याहून चांगला दाखला मला सापडला नाही. मागचे इंजिन कितीही बलवान असले तरी सिग्नल पाहायचा तो पुढच्या चालकाने. मागच्या इंजिनाने गाडी कोठे न्यायची हे ठरवायचे नसते. तथापि ते नसेल तर गाडी घाटात अडकते, हेही तितकेच खरे.

वर्गातील संगणक, पडदा, टॅब, भ्रमणध्वनी ही सारी मागची इंजिने होत. आपल्याकडे पुष्कळदा नेमके उलटे झाले. इंजिन आधी आणले, गाडी नंतर शोधली आणि चालकाला तर कोणी विचारलेच नाही.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत गेलो होतो. शाळेचे नाव सांगत नाही, कारण दोष त्या एका शाळेचा नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत देणगीदाखल मिळालेला संगणक होता. त्यावर भरतकाम केलेले आच्छादन, आच्छादनावर हळद-कुंकवाची बोटे. दसऱ्याला पूजा होत होती. मी विचारले, "मुले यावर काय करतात?" उत्तर आले, "मुलांना हात लावू देत नाही, बिघडला तर?" त्या गुरुजींना हसण्याचे मला कारण नव्हते. बिघडला तर दुरुस्त कोण करणार, पैसे कोण देणार, जबाबदारी कोणावर येणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर संगणक देणाऱ्यांनी त्यांना दिले नव्हते. देणगीचा फलक मात्र भिंतीवर ठळक होता.

हा अनुभव एका शाळेपुरता नाही. २० सप्टेंबर २००४ रोजी आपल्या शास्त्रज्ञांनी 'एज्युसॅट' हा केवळ शिक्षणासाठीचा उपग्रह अवकाशात पाठवला. अभिमान वाटावा अशीच ती कामगिरी होती. उपग्रहाने आकाशात आपले काम केले. पण जमिनीवरील जाळ्याचे नियोजन आणि कार्यक्रमांची निर्मिती यांत उणिवा राहिल्या, असे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात नोंदवले. तोपर्यंत उपग्रहाचे आयुष्य संपलेही होते. २००७ मध्ये 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील खैरात या छोट्या वस्तीच्या एकशिक्षकी शाळेत झाला. त्याच योजनेखाली दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने दहा लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. शिकवण्याच्या पद्धतीशी त्यांची सांगड घातली गेली नाही, म्हणून मुलांचे शिकणे सुधारले नाही, असा निष्कर्ष 'युनेस्को'च्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाने काढला आहे. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

मग यंत्रे नकोतच असे म्हणावे काय? मुळीच नाही. तसे म्हणणे सोपे आहे आणि टाळ्याही मिळतात. पण त्याने पाड्यावरच्या मुलाचे नुकसानच होईल. शहरातल्या मुलाच्या घरी पुस्तके असतात, शिकलेले आईबाप असतात, शिकवणी असते. ज्याच्या घरी यातले काही नाही, त्याला मागच्या इंजिनाची गरज अधिक आहे. प्रश्न एवढाच, की यंत्राने नेमके कोणते काम करायचे.

दोन उदाहरणे देतो. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर 'क्यूआर कोड' छापले. काळ्या-पांढऱ्या चौकोनांच्या त्या ठशावर भ्रमणध्वनी धरला की त्या धड्याचे कथन, कविता किंवा चित्रफीत उघडते. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले. डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला आणि त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. हे दातृत्व मोठेच; पण मला त्यांच्या कल्पनेतील व्यवहारज्ञान अधिक मोलाचे वाटते. त्यांनी नवे यंत्र मागितले नाही. मुलाच्या हातात आधीच असलेले पुस्तक आणि पालकांच्या खिशात आधीच असलेला फोन, या दोहोंची गाठ घालून दिली.

दुसरे उदाहरण याहून साधे आहे. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या. पालघर जिल्ह्यातील दांडवळसारख्या पाड्यांवर फोन नाही, असला तर जाळे नाही. तेथे दिगंत स्वराज फाउंडेशनच्या कार्यकर्त्यांनी धडे ध्वनिमुद्रित केले आणि ध्वनिवर्धक घेऊन ते पाड्यापाड्यांवर गेले. मुले अंतर राखून बसली आणि ध्वनिवर्धक गुरुजींच्या आवाजात बोलू लागला. त्याच वर्षी सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. ध्वनिवर्धक आणि रंगाचा डबा हेसुद्धा तंत्रज्ञानच आहे, मित्रहो! योग्य तंत्रज्ञान म्हणजे महागडे तंत्रज्ञान नव्हे. जे आपल्या पावसात, आपल्या विजेवर, आपल्या माणसांच्या हातून चालते, ते योग्य.

इगतपुरीचा पाऊस तर तीन हजार मिलिमीटरच्या घरातला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत डोंगर धुक्यात असतात. दुसरीकडे सौर पॅनेलवर उत्तम चाललेली शाळा पाहून आपण तेच येथे बसवले, तर ऐन शाळेच्या दिवसांत सूर्यदर्शन दुर्मीळ! दमट हवेत प्रक्षेपकाच्या भिंगावर बुरशी धरते. म्हणून येथे वस्तू घेण्याआधी विचारायचे, की हे श्रावणात चालेल का? विद्युत घटाची सोय आहे का? जाळे नसताना चालावे असे साहित्य आधी उतरवून ठेवले आहे का? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात, परंतु योजना याच ठिकाणी अडतात.

आता वर्गात येऊ. चौथीचा पाण्यावरचा पाठ घ्या. पाऊस मोजायला यंत्र लागत नाही. प्लॅस्टिकची सरळ बाटली, पट्टी आणि वही पुरते. मुलांनी रोज सकाळी मोजावे, लिहावे, आलेख काढावा. हे काम हाताचेच आहे. ते पडद्यावर दाखवले तर मुलाचे शिकणेच हिरावले जाईल. पण पुढचा प्रश्न आला, की हे पाणी जाते कोठे? येथे खडूची मर्यादा येते. अशा वेळी पडद्यावर उपग्रहाने टिपलेला नकाशा उघडा. मूल आधी आपला पाडा शोधते, मग शाळेचे छप्पर, मग ओढा. ओढ्यामागून जाता जाता त्याच्या लक्षात येते, की आपला तालुका पाणलोटाच्या माथ्यावर आहे. एका उताराचे पाणी दारणेला मिळते, १९१६ साली पुऱ्या झालेल्या दारणा धरणातून गोदावरीकडे जाते आणि शेवटी बंगालच्या उपसागराला पोहोचते. दुसऱ्या उताराचे पाणी वैतरणेतून अरबी समुद्राला मिळते. आपल्या गावाचे देशाशी असलेले नाते जे दहा भाषणांनी उमगत नाही, ते त्या मुलाला दहा मिनिटांत दिसते. यंत्राचे खरे काम हेच. जे हाताने होते ते हाताने, जे डोळ्यांसमोर आहे ते बाहेर जाऊन आणि जे एरवी दिसूच शकत नाही ते पडद्यावर. एवढा विवेक शिक्षकाने केला की पुरे.

तीच गोष्ट वाचनाची. मुलाचे वाचन फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि त्यालाच ऐकवा. कोठे अडलो, कोठे शब्द गिळला, हे त्याचे त्यालाच कळते. चारचौघांत रागावून घ्यावे लागत नाही. महिन्याने पुन्हा करा. ठाकर किंवा महादेव कोळी घरातली आजी आपल्या बोलीत गोष्ट सांगते, ती मुलांनी नोंदवून आणावी, वर्गात ऐकावी, प्रमाण मराठीत लिहावी. मुलाची बोली वर्गात सन्मानाने आली की पुस्तकाची भाषा परकी राहत नाही. मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने धरला आहे. तो प्रत्यक्षात आणण्याचे साधन आपल्या खिशात आहे.

प्रत्येक मूल वेगळ्या पायरीवर असते, ही शिक्षकाची जुनी अडचण. दिल्लीत 'माइंडस्पार्क' नावाच्या संगणकीय कार्यक्रमाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. इयत्तेचा धडा न देता मुलाच्या प्रत्यक्ष पातळीपासून सुरुवात करणारा तो कार्यक्रम. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत लक्षणीय प्रगती दिसली. तंत्रज्ञानाचे समर्थक हा दाखला नेहमी देतात. परंतु त्यातील एक तपशील सांगायचे राहून जाते. नव्वद मिनिटांपैकी अर्धा वेळ संगणक होता आणि अर्धा वेळ छोट्या गटात शिकवणारा माणूस होता.

पालकांसाठी एक आकडेवारी सांगतो. 'असर'च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातील सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. पाहणीआधीच्या आठवड्यात अभ्यासाशी निगडित कामासाठी तो वापरणारी मुले ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के होती. म्हणजे यंत्र घरात पोहोचले आहे. पोहोचायचे आहे ते वळण. हे वळण शाळा एकटी लावू शकत नाही. रात्री जेवताना वडिलांच्याच हातात फोन असेल, तर मुलाला कोणत्या तोंडाने सांगणार?

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच तालुक्यातील दरेवाडीची मुले बकऱ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेच्या दारात गेली होती. भाम धरणामुळे विस्थापित झालेल्यांची ही वस्ती. वस्तीवरची शाळा बंद झाली होती. आमची दप्तरे ठेवून घ्या आणि वळायला बकऱ्या द्या, एवढेच त्या मुलांचे म्हणणे होते. त्यांनी टॅब मागितला नव्हता. त्यांना आपल्या वस्तीवर शाळा हवी होती आणि शिकवणारा माणूस हवा होता. पडदा आला म्हणून शिक्षक नसला तरी चालेल, असा हिशेब कोणी मांडू लागला तर तो खोडून काढायचे धैर्य आपण दाखवले पाहिजे. आपल्याच जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हिवाळीची शाळा पाहा. केशव गावित या शिक्षकाने ती वर्षाचे ३६५ दिवस चालवली. तेथील मुले दोन्ही हातांनी लिहितात, हे पाहायला दुरून लोक येतात. त्या शाळेची मुख्य शक्ती विजेवर चालत नाही.

कार्यकर्त्यांकडे माझे तीन मागणे आहे. पहिले, यंत्र देणगी द्याल तेव्हा त्याच्या पाच वर्षांच्या देखभालीचा खर्चही बाजूला काढा. दुरुस्ती जाणणारा एक तरुण प्रत्येक शाळेशी जोडून द्या. दुसरे, यंत्र देण्याआधी शिक्षकांसोबत बसा आणि कोणत्या पाठात ते लागणार हे त्यांच्या तोंडून ऐका. तिसरे, आपल्या भागातील पीक, पाऊस, बोली, इतिहास यांवर मराठीतून छोटे ध्वनिपाठ तयार करा. बाहेरचे साहित्य विपुल आहे. पण आपल्या नदीचा धडा आपल्यासाठी दुसरे कोणी करून ठेवणार नाही.

शिक्षक बंधू-भगिनींना इतकेच सांगेन, की नव्या यंत्राला भिऊ नका आणि त्याच्या आहारीही जाऊ नका. ते सुरू कसे करायचे हे एखादे मूल तुम्हांला शिकवील. त्याच्याकडून शिकण्यात कमीपणा मानू नका. ते कशासाठी सुरू करायचे, हे मात्र तुम्हीच त्याला शिकवायचे आहे.

आज घरी जाताना स्थानकावर घाट चढून आलेली गाडी दिसली तर क्षणभर थांबा. मागचे इंजिन सुटते आणि गाडी पुढे जाते. आपले मूलही एक दिवस असेच आपल्या बळावर पुढे जावे. तोवरच्या चढाला जो जो रेटा देता येईल तो आपण देऊ. पण पुढची जागा गुरुजींची आणि बाईंची आहे, ती रिकामी राहू देणार नाही, एवढा निश्चय करून येथून जाऊ.