लकव्यानंतरचा खांदा
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा सारांश)

आपण ज्याला अर्धांगवायू म्हणतो, त्याला इथे लश्करात सगळे लकवा म्हणतात. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर मालिशवाल्याकडे नको. तडक जयारोग्यसारख्या मोठ्या रुग्णालयात न्या. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

आज बोलायचे आहे ते त्यानंतरच्या खांद्याबद्दल. खांद्याची खोबण उथळ असते. सांधा जागेवर धरून ठेवतात ते मुख्यतः स्नायू, आणि लकव्यात तेच ढिले पडतात. ६० किलोच्या माणसाचा एक हात ३ किलोच्या आसपास भरतो. तो लोंबकळत राहिला की सांधा खाली सरकतो. त्यात आपण मायेने, "उठा हो अण्णा," म्हणत तोच हात ओढतो. खांदा दुखू लागला की माणूस व्यायाम टाळतो, आणि हात आखडतो.

म्हणून हात ओढू नका, काखेत धरून उचलू नका. कमरेला आधार द्या. बसल्यावर हाताखाली उशी ठेवा. सदरा घालताना आधी लुळा हात, काढताना तो शेवटी. दोरी-कप्पीने हात वर खेचू नका. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिका आणि रोज थोडा थोडा करून घ्या.

पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते. ते दिवस दुखण्यात घालवू नका. पुढच्या आरतीला अण्णांच्या दोन्ही हातांत टाळ हवेत.

गणपती बाप्पा मोरया!