कडक चहा, कडक मास्तर आणि माझा सहा बँड

आज मी माझी स्वतःची एक फजिती सांगणार आहे, तेव्हा इअरफोन नीट लावा. विषय आहे इंग्रजी परीक्षेतली विशेषणं, म्हणजे आपले अ‍ॅडजेक्टिव्ह्ज.

आयेल्ट्सच्या पहिल्या प्रयत्नात मला रायटिंगमध्ये सहा बँड मिळाले. बाकी तिन्ही विभागांत सात किंवा वर. पण ज्या युनिव्हर्सिटीची ऑफर हातात होती, तिला प्रत्येक विभागात किमान साडेसहा हवे होते. अर्ध्या बँडसाठी पुन्हा सगळी फी भरायची! आईने पैसे काढून दिले, एक शब्द बोलली नाही. तेच जास्त लागलं.

आता माझं चुकलं कुठे? परीक्षेआधी मी कुठूनतरी ‘भारी’ विशेषणांची यादी मिळवली होती. बिगच्या जागी कोलॉसल, गुडच्या जागी फॅब्युलस, असे शंभरेक शब्द पाठ केले. आणि निबंधात ठोकून दिलं, ‘कोलॉसल ट्रॅफिक’, ‘फॅब्युलस एज्युकेशन’. मला वाटलं, परीक्षक एकदम खूश होणार!

निकालानंतर सरावाचे निबंध घेऊन आत्याकडे गेले. तिने बरीच वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय. तिने वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “काय गं, कडक चहाला इंग्रजीत काय म्हणशील?”

“स्ट्राँग टी.”

“कडक मास्तर?”

“स्ट्रिक्ट.”

“कडक बंदोबस्त?”

“टाइट सिक्युरिटी.”

“आणि भाकरी कडक झाली तर?”

“हार्ड.”

“बघ! मराठीत एकच कडक, इंग्रजीत चार वेगळे शब्द. हे तुला यादीतून कळलं का? नाही. चहा स्ट्राँग असतो हे तू चहासकट शिकलीस. मग ट्रॅफिकसाठीचा शब्द ट्रॅफिकसकट का नाही शिकलीस?”

मंडळी, माझ्या डोक्यात तिथे दिवा पेटला. विशेषण एकटं पाठ करायचंच नाही. नामासोबत जोडीनेच पाठ करायचं. या जोडीला इंग्रजीत कोलोकेशन म्हणतात. आयेल्ट्स रायटिंगचे मार्क चार निकषांवर मिळतात आणि त्यातला एक शब्दसंपत्तीचा, म्हणजे लेक्सिकल रिसोर्स. चारही निकषांना सारखंच वजन. सात बँडला शब्द कसे असावेत, याच्या अधिकृत वर्णनात कोलोकेशनचा उल्लेख आहे. म्हणजे वेगवेगळे शब्द हवेतच, पण ते शेजारच्या शब्दाशी जुळायलाही हवेत.

आपली मराठी मुलांची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे हा ‘मोठा’ शब्दच! मोठा आवाज, मोठा माणूस, मोठा प्रश्न, मोठं नुकसान. डोक्यात ‘मोठा’ आला की हातातून ‘बिग’ उतरतो. माझं जुनं वाक्य ऐका : ‘बिग सिटीज हॅव बिग ट्रॅफिक अँड बिग पोल्यूशन.’ आत्याने ते असं केलं : ‘लार्ज सिटीज सफर फ्रॉम हेवी ट्रॅफिक अँड सिव्हिअर एअर पोल्यूशन.’ यात एकतरी शब्द अवघड आहे का? हेवी तर आपण पावसासाठीही वापरतो. पण प्रत्येक शब्द आपल्या जागी बसलाय.

तसंच गुड आणि बॅडचं. मोबाइलचा मुलांवर ‘बॅड इफेक्ट’ लिहिण्याऐवजी ‘हार्मफुल इफेक्ट’ लिहा. व्यायामाचा परिणाम ‘बेनिफिशियल’. प्रश्न गंभीर असेल तर ‘सीरियस प्रॉब्लेम’. पुरावा भक्कम असेल तर ‘स्ट्राँग एव्हिडन्स’. म्हणजे चहाचा स्ट्राँग इथेही कामाला आला!

अ‍ॅकॅडमिकवाल्यांना टास्क वनमध्ये आलेख येतो. तिथे आकडा वाढला एवढंच सांगून भागत नाही, कसा वाढला ते सांगा. एकदम वाढला तर ‘शार्प राइज’, हळूहळू वाढला तर ‘ग्रॅज्युअल राइज’, किंचित घसरला तर ‘स्लाइट फॉल’. ही विशेषणं शोभेची नाहीत, ती माहिती देतात. विशेषण काढल्यावर वाक्याचं काहीच बिघडत नसेल, तर ते बहुतेक नकोच होतं.

मग मी केलं काय? फोनच्या नोट्समध्ये रोज पाच नामं लिहायची. आधी टास्क टूमध्ये नेहमी येणारे विषय घेतले, शिक्षण, पर्यावरण, आरोग्य, कारण टास्क टूला टास्क वनच्या दुप्पट वजन असतं. प्रत्येक नामासमोर दोन-तीन विशेषणं. जोडी बरोबर आहे का, हे ऑनलाइन डिक्शनरीतली उदाहरणं वाचून तपासायचं. उदाहरणांत जोडी दिसली नाही तर ती वापरायची नाही, बस. आणि टास्क टूच्या चाळीस मिनिटांतली शेवटची चार राखून ठेवायची. त्यात बिग, गुड, बॅड आणि व्हेरी शोधायचे, आणि प्रत्येकाला मराठीत विचारायचं, ‘म्हणजे कसं रे?’ उत्तर मिळालं तर बदल. नाही मिळालं तर साधा शब्द राहू दे. साधा बरोबर शब्द हा भारी चुकीच्या शब्दापेक्षा केव्हाही बरा.

दुसऱ्या वेळी मला साडेसहा मिळाले. नऊ नाही, आठ नाही, साडेसहाच! पण दार उघडायला तेवढे पुरले. आणि त्या निबंधात कोलॉसल एकदाही नव्हता.

आता तुमचा गृहपाठ. ‘गोड’ हा शब्द घ्या. गोड चहा, गोड पाण्याची विहीर, गोड बोलून काम काढणारा माणूस. तिन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘स्वीट’ चालेल का? आज रात्री शोधा, नोट्समध्ये लिहा आणि परीक्षा देणाऱ्या मित्रालाही विचारा.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात. तोवर चहा कडक घ्या, इंग्रजी नेमकं लिहा!