क्रमवारीच्या कोष्टकाबाहेरचे विद्यार्थी

सुरतेच्या विद्यापीठाला २००४ पासून ज्या कवी नर्मदाचे नाव आहे, त्याला पदवी नव्हती. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून तो प्रथम घरच्या आग्रहाने परतला आणि तापीपलीकडे रांदेरच्या शाळेत शिक्षक झाला. १८५४ मध्ये तो पुन्हा महाविद्यालयात दाखल झाला. परंतु पैशाच्या ओढीने १८५६ मध्ये ते शिक्षणही सुटले. पुढे याच गृहस्थाने गुजरातीचा पहिला मोठा शब्दकोश एकहाती सिद्ध केला. आजच्या क्रमवारीच्या हिशेबात मात्र तो महाविद्यालयाच्या अपयशाचाच एक आकडा ठरला असता.

ही क्रमवारी केंद्र सरकारने २०१५ मध्ये योजिली आणि २०१६ पासून ती दरवर्षी जाहीर होऊ लागली. विद्यापीठांच्या शंभर गुणांपैकी अध्यापन व साधने यांना ३०, संशोधनाला ३०, पदवीच्या फलिताला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि लौकिकाला १० गुण असतात. यांपैकी पदवीचे फलित मोजताना किती विद्यार्थी विहित मुदतीत उत्तीर्ण झाले हे पाहतात. अडचण नेमकी येथे आहे.

धुळे, जळगाव, नंदुरबारकडची हजारो कुटुंबे सुरत-भुसावळ रेल्वेच्या वाटेने येऊन लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत स्थिरावली. त्यांच्या मुलांसाठी महानगरपालिकेच्या मराठी शाळाही आहेत. यंत्रमागाची पाळी बहुधा बारा तासांची. असा एखादा तरुण रात्री पुस्तक उघडतो, एका वर्षी परीक्षेचे शुल्क भरतो, दुसऱ्या वर्षी बहिणीच्या लग्नापायी थांबतो आणि सहाव्या वर्षी पदवीधर होतो. घराण्यातील तो पहिलाच पदवीधर! कोष्टकाच्या दृष्टीने मात्र तो उशिरा आलेला. सर्वसमावेशकतेच्या दहा गुणांत स्त्रिया, परप्रांतीय, दुर्बल घटक व अपंग यांचा विचार आहे, तो योग्यच होय. पण पोटासाठी राबत शिकणाऱ्याचा रकाना तेथे नाही.

मुदतीची अट निरर्थक आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. निकाल रखडविणाऱ्या आणि शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवणाऱ्या संस्थेला जाब विचारण्याचे ते एक साधन आहे. परंतु संस्थेची दिरंगाई आणि विद्यार्थ्याची विवंचना एकाच मापाने मोजली, म्हणजे प्रवेश देतानाच चाकरमान्याला टाळणे संस्थेच्या फायद्याचे ठरते. अमेरिकेतही पदवीप्राप्तीचे सरकारी प्रमाण दीर्घकाळ प्रथमच व पूर्ण वेळ प्रवेश घेणाऱ्यांवरूनच काढीत. बाकीच्यांची गणतीच नसे. आता तेथे अर्धवेळ विद्यार्थ्यांची आठ वर्षांपर्यंतची वाटचाल वेगळी नोंदवितात.

आपल्याकडे २०२४ मध्ये मुक्त विद्यापीठांची स्वतंत्र यादी निघाली, हे स्वागतार्हच. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारख्या संस्थांची तुलना त्यामुळे निदान सजातीयांशी होईल. पण साध्या महाविद्यालयात नाव घालून पाळी सांभाळणारा विद्यार्थी त्या यादीतही येत नाही. त्याच्यासाठी नोंदणीच्या अर्जावर नोकरीचा एक रकाना आणि मुदत मोजताना दोन-तीन वर्षांची सवलत एवढे केले, तरी कोष्टकात त्याची जागा होईल. माहिती संस्थांकडूनच मागविली जाते. तीत एका ओळीची भर पडेल, इतकेच.